ग्रेडर काकांचे अंगठे

आमच्या जिनिंगमध्ये ते कुणाशीच हात मिळवत नसत. मोठा व्यापारी येवो की शेटचा पाहुणा, पुढे आलेल्या हाताला ते नमस्कार करीत आणि आपले दोन्ही हात लगेच पाठीमागे नेत. नवा माणूस वरमून जाई. कुणी कारण विचारलंच तर म्हणत, "हात शेटचे हायेत बाप्पा. मी नुसते सांभाळतो."

ते कापसाचे ग्रेडर होते. मोताळ्याजवळच्या त्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणे. मी तिथे बाबू होतो, म्हणजे आलेल्या गाडीची चिठ्ठी लिहिणारा कारकून. गाडी गेटमध्ये शिरली की काका चढत, कापसात कोपरापर्यंत हात घालत, तळातला मूठभर कापूस काढत आणि उत्तरेच्या खिडकीशी आपल्या टेबलावर येऊन बसत. सरकीपासून धागा सोडवायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा. शेवटी धाग्यांची एक झिरझिरीत पट्टी उरे. ती ते मांडीवर पसरलेल्या छत्रीच्या जुन्या काळ्या कापडावर ठेवत, अंगठ्याच्या नखाशी लावून पाहत आणि बोलत, "एकोणतीस." मी लिहून घेई. एकोणतीस म्हणजे धाग्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. त्या एका शब्दावर गाडीचा भाव ठरे.

मोठ्या शहरात आता हे मशीन करतं म्हणतात. आमच्याकडे गेटवर ते काकांचे अंगठे करत. त्यामुळे त्या अंगठ्यांचे लाडही फार होते. ते मिरची निवडत नसत, संत्रं सोलत नसत, नखं ब्लेडने कापत नसत. जेवण झालं की तिळाचं तेल बोटाला लावून दोन्ही अंगठे एकमेकांवर फिरवत बसत. चाळीस वर्षं कापूस ओढून अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. रेशनच्या दुकानात मशीन त्यांचा अंगठा घेत नसे. दुकानदार वैतागून म्हणे, "काका, तुम्ही हाये का नाई तेच या मशीनले समजत नाई." ते शांतपणे करंगळी पुढे करत.

जिनिंग वर्षातले सहासात महिने चाले. बाकीचे महिने यंत्र बंद, गोदाम रिकामं, आम्ही दोघं नुसते हजेरीला. काकांना त्या महिन्यांची धास्ती होती. काम नसलं की अंगठे झोपतात, आणि झोपलेला अंगठा हंगामाच्या तोंडावर उठत नाही, असं ते म्हणत. मग त्यांच्या पुण्याच्या भाच्याने एकदा आपला जुना गेम त्यांच्याकडे टाकला. हातात धरायचा, मधे काच आणि दोन बाजूंना बटणं असलेला. त्यात एकच खेळ चालू होता, फुटबॉलचा. काका त्याला डबी म्हणत.

पहिल्यांदा त्यांना डबीवर पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. "काका, फुटबॉल कधी पाह्यला तरी काय तुम्ही?"

"नाई," ते वर न पाहता म्हणाले. "कापूस तरी मी कुठी पेरला? अंगठ्याले समजते."

आणि खरंच समजत असे. तीन महिन्यांत ते असे खेळायला लागले की जिनिंगमधली पोरं टेबलाभोवती उभी राहत. आवाज ते बंद ठेवत. धागा तुटताना बारीक आवाज येतो, तो ऐकायची सवय असलेल्या कानांना त्या डबीतला गोंगाट सहन होत नसे. संघ निवडताना पांढऱ्या जर्सीचाच निवडत. रंगीत जर्सीवाले सगळे त्यांच्या लेखी कवडी, म्हणजे डागी कापूस. खेळाडूंची पारखही कापसासारखीच. एखादा चपळ पोरगा दिसला की म्हणत, "हा लांब धाग्याचा." वय झालेल्या, धापा टाकणाऱ्या खेळाडूला म्हणत, "हा फरदड हाये, याले आता काढा लागते." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवरून घेतलेला कापूस. लांबून गोल मारणं त्यांना आवडत नसे. मी कधी मारला तर चिडत. "काऊन फेकते बे तिथून? जवळ ने. हातातून हातात ने."

डबी एक आणि खेळणारे दोघं. म्हणून त्यांनी नियम केला. दुपारच्या सुट्टीत आधी ते एक मॅच खेळायचे, मग त्याच संघासमोर मी खेळायचो. ज्याचा फरक जास्त, तो जिंकला. ते खेळत तेव्हा मी त्यांचे अंगठे पाही, मी खेळे तेव्हा ते माझे. काचेकडे ते फारसं पाहतच नसत. एकदा माझा अंगठा नुसता बटणावर रेंगाळला तर म्हणाले, "घाबरला तू." मी खरोखर घाबरलो होतो.

पहिल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, "एक ध्यानात ठेवजो बाबू. मुद्दाम हारायचं नाई. मले समजते."

धागा ओढायला मी त्यांच्याकडेच शिकलो. त्यांनी शिकवलं असं म्हणता येणार नाही. गाडी नसली की ते मूठभर कापूस माझ्यापुढे टाकत आणि म्हणत, "सांग." मी सांगे, "अठ्ठावीस." ते म्हणत, "पुन्हा ओढ." पुन्हा म्हणजे चुकलं, एवढंच. बरोबर आलं तर काहीच म्हणत नसत, डबी उचलत. चार हंगामांनी 'पुन्हा ओढ' ऐकू येईनासं झालं. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि मी तो लपवायचो. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला ग्रेडरच्या खुर्चीची हाव असावी यात काही गैर नाही, असं मी स्वतःला सांगत असे. बायकोलाही सांगत असे.

मग एका पावसाळ्यात काका हरायला लागले.

आधी मला माझंच कौतुक वाटलं. पण मी अंगठे पाहत होतो. डावा अंगठा बटण सोडून कडेवर दाबत होता आणि त्यांना ते कळत नव्हतं. पास द्यायच्या जागी चेंडू बाहेर जाई. उजवा अंगठा एकाच बटणावर दोनदा पडे. काका डबी कानाशी धरून हलवत आणि म्हणत, "बिघडली वाट्टे."

बुलढाण्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते स्वतः एस.टी.ने घेऊन गेले. दुकानदाराने उघडली, पुसली, खेळून पाहिली आणि म्हणाला, काही झालेलं नाही. काका परत आले आणि मला म्हणाले, "त्याले समजत नाई डबीतलं." त्या आठवड्यात चहा पिताना त्यांनी स्टीलचा कढत ग्लास नेहमीसारखा धरला. नेहमीसारखा, पण चटका बसूनही खाली ठेवला नाही. संध्याकाळी उजव्या अंगठ्यावर बोराएवढा फोड होता. "हे कधी झालं?" मी विचारलं. त्यांनी अंगठा उलटासुलटा करून पाहिला, दुसऱ्याचा असावा तसा. म्हणाले, "चावलं असन काई." त्यांना साखरेचा आजार होता हे मला माहीत होतं. औषध ते वेळेवर घेत नाहीत हेही.

मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी जवळ बसून त्यांचे अंगठे रोज पाहणारा एकटा माणूस होतो. मी नाही सांगितलं. त्याऐवजी मी हरायला लागलो. माझ्या गोलकीपरला पुढे काढायचं, चेंडू सोडून द्यायचा, एखादी पेनल्टी बाहेर मारायची. ते दोन गोलांनी हरले की मी तीन गोलांनी हरायचो. काका माझ्या अंगठ्यांकडे पाहत. डबी पुसून पिशवीत ठेवत.

हंगाम सुरू झाल्यावर हेच मी चिठ्ठीवरही केलं. ते म्हणाले 'एकोणतीस' आणि टेबलावरची पट्टी मला सत्तावीस दिसली, तर मी सत्तावीस लिहायचो. ते म्हणाले 'सव्वीस' आणि मला अठ्ठावीस वाटला, तर अठ्ठावीस. सोनाळ्याहून एक बाई स्वतः ट्रॅक्टर घेऊन येत. त्यांचा कापूस दरवर्षी पहिल्या प्रतीचा. काका सव्वीस म्हणाल्यावर त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, काकाले बरं नाई काय?" मी अठ्ठावीस लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "थकले असतील." त्या चिठ्ठी पाहून ट्रॅक्टरवर चढल्या. तो सगळा हंगाम असा गेला. गाठी चांगल्या गेल्या, कुणाची तक्रार आली नाही. त्या वेळी मला वाटे मी काकांना सांभाळतोय. पण ग्रेड मी ठरवत होतो आणि मला ते आवडत होतं, हेही खरं आहे.

पुढच्या हंगामाच्या आधी काटापूजन होतं. वजनकाट्याला हार घालतात, नारळ फोडतात, मग पहिली गाडी काट्यावर घेतात. काका पुढे फुलं वाहत होते. शेट माझ्याशेजारी पेढ्यांचा डबा घेऊन उभे होते. त्यांनी सहज विचारलं, "काय बाबू, दुपारची मॅच चालू हाये ना? जिकते कोन?"

मी म्हणालो, "पहिले काका जिकत. आता हिसाबानं मीच जिकतो शेट. पण हारतो मुद्दाम."

"काऊन?"

"त्याइच्या अंगठ्याले बटन लागत नाई आता."

असं म्हणून मी हसलो. ते हसणं मला आजही आठवतं, कारण ते खरं नव्हतं. तोंडातून वाक्य निघायच्या आधी ते कुठे जाऊन पडणार हे मला दिसलं होतं. शेट हसले नाहीत. त्यांनी काकांच्या पाठीकडे पाहिलं, मला पेढा दिला आणि डबा पुढच्या माणसाकडे नेला.

आठ दिवसांनी शेटनी टेबलावर कापसाच्या बारा पुड्या मांडल्या. बाहेरच्या खरेदीदाराचा माणूस आला होता, खुर्चीवर बसून मोबाइल पाहत होता. शेट म्हणाले, "काका, यांच्या प्रयोगशाळेतून तपासून आलेला माल हाये. आपला आकडा त्याइच्याशी जुळवून पाहू." आवाजात कुठेही धार नव्हती. शेट वाईट माणूस नव्हते.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पहिली पुडी उघडली. धागा ओढला, जुळवला, काळ्या कापडावर ठेवला. "सत्तावीस." खरेदीदाराच्या माणसाने मोबाइलमध्ये पाहिलं आणि मान हलवली. दुसरी पुडी. "एकोणतीस." पुन्हा मान हलली, नकारार्थी. तिसऱ्या पुडीला त्यांच्या अंगठ्यातून धागा निसटून खाली पडला आणि ते रिकामी बोटं ओढत राहिले. दोनदा, तीनदा. बोटांत काही नाही हे त्यांना डोळ्यांनी पाहिल्यावर कळलं.

त्यांनी काळं कापड मांडीवरून उचललं, घडी केली आणि ते उठले. "शेट," ते म्हणाले, "याच्या पुढचं बाबूले करू द्या."

मी बसलो. मी नाही म्हणू शकलो असतो, नंतर बघू म्हणू शकलो असतो. मी बसलो आणि बाराच्या बारा पुड्या ओढल्या, त्यांनी ओढलेल्या तिन्हींसह. अकरा बरोबर आल्या. बारावीत एका आकड्याचा फरक होता आणि त्या क्षणी मला त्या एका आकड्याची रुखरुख लागली. काकांची नाही. मान वर केली तेव्हा ते फाटकातून बाहेर पडत होते. डबीची पिशवी काखेत होती. मी मागे धावलो नाही. नंतर जाऊ, असं म्हटलं.

नंतर म्हणजे चार वर्षांनी.

हिवरा आश्रमाच्या पलीकडे त्यांचं गाव. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढे पत्र्याची पडवी. काकू दारात मेथी निवडत होत्या. मला पाहून आत वळून म्हणाल्या, "अहो, तुमचा बाबू आला." त्या 'तुमचा' शब्दाने मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

काका खाटेवर डबी घेऊन बसले होते. अंगठे त्यांनी बाजूला उचलून धरले होते आणि तर्जनीच्या पेराने बटणं दाबत होते. पांढऱ्या जर्सीचा संघ सहा गोलांनी मागे होता. मॅच संपेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. सातवा गोल खाल्ला, मग म्हणाले, "बस. रोज हारतो आता. पन खरं हारतो."

चहा आला. काकूंनी त्यांच्यापुढे ग्लास नाही, दांडीचा मग ठेवला होता. मी सांगायचं ठरवून आलो होतो, तरी अर्धा चहा संपेपर्यंत कापसाचं आणि पावसाचंच बोललो. मग म्हणालो, "काका, शेटले मी सांगतलं व्हतं. काटापूजनाच्या दिवशी."

"माहीत हाये मले."

"शेट बोलले?"

"शेट काय बोलते. मी बारा पुड्या पाह्यल्या, मंग तुह्याकडं पाह्यलं. तू टेबलाकडं पाहून राह्यला होता." त्यांनी चहाचा मग खाली ठेवला. "आन तू पह्यल्यांदा मुद्दाम हारला ना, त्या दिवशीच मले शक आला. तुहा गोलकीपर उगाच पुढं आला. म्हटलं, हा मले सांभाळून राह्यला. म्हंजे काईतरी झालं."

"मंग तुम्ही बोलले काऊन नाई?"

"शकावर कोनी खुर्ची सोडते काय?" ते म्हणाले. "मेलेला अंगठा आपल्याले सोताले समजत नाई बाबू. त्याच्यात समजायले काई उरतच नाई. ते दुसऱ्यानं सांगा लागते. मी वाट पाहून राह्यलो होतो. म्हटलं आज सांगन, उद्या सांगन. तू मले सांगतलं असतं ना, तर मी सोता गेलो असतो शेटकडं. म्हटलं असतं, शेट, माहे अंगठे गेले, बाबूचे घ्या. चालत गेलो असतो." त्यांनी डबी बाजूला सरकवली. "तू मले त्या टेबलावर बसवलं."

आवाज चढला नव्हता. काकू आतून म्हणाल्या, "आता जाऊ द्या ना ते." काका म्हणाले, "मी कुठी धरून ठेवलं? त्यानं इचारलं म्हून सांगतलं."

मी माफी मागितली. मला नीट मागता आली नाही. मी हरत होतो ते तुमच्यासाठी, चिठ्ठ्या बदलत होतो त्याही तुमच्यासाठी, असं काहीतरी म्हणू लागलो आणि मलाच ते ऐकवेना. चिठ्ठ्यांचं त्यांना माहीत नव्हतं. ते ऐकून मात्र त्यांचा चेहरा पडला. "सारा हंगाम?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "म्हंजे तो हंगाम मी केलाच नाई," ते म्हणाले. एवढंच. सांगून मी माझ्या मनावरचं ओझं उतरवायला गेलो होतो आणि त्यांच्या चाळीस हंगामांतला एक कमी करून आलो.

निघताना त्यांनी डबी माझ्या हातात दिली. "एक मॅच खेळ." मी खेळलो. ते काचेकडे नाही, माझ्या अंगठ्यांकडे पाहत होते. मॅच कशी झाली ते मला आठवत नाही. डबी परत घेताना त्यांनी विचारलं, "तुहे अंगठे कोन पाह्यते आता?"

दुपारच्या सुट्टीत मी एकटा जेवतो. चिठ्ठ्या आता कॉम्प्युटरवर निघतात. मी आकडा बोलतो, पलीकडच्या खोलीत तो कुणीतरी टाइप करतं.

"कोनी नाई," मी म्हणालो.

"मंग येत जाजो. महिन्यातून एकडाव. मी पाह्यत जाईन."

त्याला दोन वर्षं होत आली. मी अजून गेलेलो नाही. कामं असतात, हंगाम असतो, हे मी बायकोला सांगतो. काकांच्या रागाची मला भीती नाही, ते रागावलेले नाहीतच. पण मी आता पन्नाशीत आहे, मलाही साखर निघाली आहे, आणि मला ठाऊक आहे की माझ्या अंगठ्यात काही उणं दिसलं तर तो माणूस ते तिथल्या तिथे, माझ्या तोंडावर, सगळ्यात आधी मला सांगेल.